तांदळातलं आडनाव

स्टुटगार्ट, १० ऑक्टोबर, संकष्टी

सत्या,

आशीर्वाद. तुझी आई विचारते आहे, ‘अनेक उत्तम’ लिहू का? मी म्हटलं, एकच लिही, तोही साधा. अनेक उत्तम देऊन या घराची काय शोभा झाली ते बघतेच आहे.

सांगते मी आणि लिहिते तुझी आई. तिनं तुला लिहायचं नाही अशी शपथ घेतली आहे, हे तुला ठाऊक नसेल. या वैशाखात तुझं लग्न झालं आणि तू बायकोला घेऊन निघून गेलास, त्या संध्याकाळी तुझ्या बापानं हिचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला आणि वदवून घेतलं. त्याला ओळ लिहिणार नाही, फोन करणार नाही, आणि त्याचं ते नवं आडनाव माझ्या तोंडून किंवा हातून निघणार नाही. निघालं तर तुमच्या जिवाला बरंवाईट. पुढच्याच आठवड्यात त्याच छातीत स्टेंट घालावा लागला. झालं! तेव्हापासून तुझी आई त्या शपथेला अशी भिते, जशी मी इथल्या सरकत्या जिन्याला.

मला मात्र कोणी शपथ घातली नाही. अडाणी म्हातारी, ती काय लिहिणार आहे! म्हणून बोलते मी. तुझ्या आईचा नुसता हात. कपडा शिवला म्हणून त्याची मजुरी कोणी मशीनला देत नाही.

आधी माझी तक्रार घे. तू रागानं आम्हा सगळ्यांचे नंबर बंद केलेस. माझा काय गुन्हा रे? मला आकडे कळत नाहीत. फोनवर तुझा फोटो यायचा, मी तुझ्या नाकावर बोट ठेवायचे आणि तू बोलायचास. आता नाकावर बोट ठेवलं की एक जर्मन बाई बोलते. मी तिला रोज विचारते, जेवलीस का? ती रोज तेच सांगते. तुझ्यापेक्षा बरी, उत्तर तरी देते.

घरची खबर. तुझ्या बापाला कंपनीनं वेळेआधी घरी बसवलं. त्यामुळे तो आता दारावरची पितळी पाटी पुसतो. पुण्याहून करवून आणलेली ती ‘सुपेकर’ची. पुसून पुसून तिच्यात तोंड दिसायला लागलंय. इथली माणसं बेल वाजवून ‘हेर झूपेकार’ म्हणतात तेव्हा त्याला काही वाटत नाही. तूच नाव बदललंस म्हणून मात्र त्याचं हृदय बंद पडायला आलं. तुझी आई बारीक झाली आहे. चांगलं दिसतं तिला. पूर्वी स्वयंपाकघरात ती असली की मला शिरता यायचं नाही. लिही ग, थांबलीस का? लिहिलं म्हणते.

मला त्या दिवसाचं एक विचारायचं आहे. कचेरीतलं लग्न झालं, मग जेवणाआधी आपल्या पद्धतीनं ताटात तांदूळ पसरले. आपल्यात नवरा अंगठीनं त्या तांदळात नव्या नवरीचं नवं नाव लिहितो. तुझ्या आईची हौस! तू म्हणालास, हानाचं नाव हानाच राहील, बदललं आहे ते माझं. मग अंगठी घेतलीस आणि लिहिलंस: सत्यजित ……….

सगळे वाकले. मीही वाकले. सगळ्यांनी नाव पाहिलं, मी तांदूळ पाहिला. कोलम होता, चांगला. तेवढ्यात तुझ्या बापानं ताट उलटं केलं.

तो काय बोलला ते जर्मनमध्ये बोलला, म्हणजे हानाच्या आजोबांना लागावं म्हणून. मला एवढंच दिसलं की ते म्हातारबाबा काठी भिंतीला टेकवून खाली बसले आणि फरशीवरचा एकेक दाणा उचलून रुमालात गोळा करायला लागले. तुझा बाप वर उभा. कोणी हललं नाही. तुझी आईसुद्धा नाही. लिही. तुझी आईसुद्धा नाही.

तू एकदा ये. बाप मरायच्या आधी भांडायला ये. मेल्यावर भांडणात मजा नाही, एकट्यालाच बोलावं लागतं.

खाली अंगठा लावला आहे. याला स्पेलिंग नसतं.

आजी


स्टुटगार्ट, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

सत्या,

तुझं उत्तर नाही. बरं. तुझा बापही असाच होता, शाळेतून घरी आला की दप्तर बोलायचं, तो नाही.

आज तुझ्या आईनं लॅपटॉपला ओवाळलं. पुण्याहून तुझा उल्हासमामा पडद्यात बसला होता, कपाळ पुढे करून. हिनं काचेला कुंकू लावलं. आता ते खरडून काढते आहे, म्हणून पत्राला उशीर. उल्हास तिला अजून ‘साधना’ म्हणतो. साधी, बारीक झालीस ग, म्हणाला. मी मागून म्हटलं, कोण साधना? इथं तर सुकन्या राहते. तुझ्या बापानं तांदळात हिला सुकन्या केली ना! साधना त्या दिवशी ताटातच संपली.

माझंही तसंच. माहेरी मी ठकू. ताटात मनोरमा झाले. मला वाचता येत नव्हतं, मी तुझ्या आजोबांना हळूच विचारलं, काय लिहिलंत? ते म्हणाले, तुझं नाव. म्हटलं, बरं, कळलं की सांगा. सासूबाईंनी तो तांदूळ टाकला नाही. दुसऱ्या दिवशी धुतला आणि भात लावला. मला वाढला. माझं नाव मी आमटीशी कालवून खाल्लं.

आज तुला एक गोष्ट सांगणार आहे. तुला ती ठाऊक आहे, तूच लग्नाच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात मला सांगितलीस. पण तेव्हा तुझी आई बाहेर पाहुण्यांना मुखवास देत होती. तिनं ऐकायला नको म्हणून ऐकली नाही. आता तिला लिहावी लागेल. हाताला कान असतात.

हानाच्या आजोबांचं आडनाव ……….. पोलंडात शिंप्याला तसं म्हणतात. देवळाच्या घंटेनं उठणारा ख्रिस्ती शिंपी असो की यांच्यातला ज्यू, कपडे शिवायचा म्हणून नाव तेच. पलीकडे रशियाच्या बाजूला गेला की तो क्रावेत्स होतो. अमेरिकेला पोचला की क्रॅव्हिट्झ. शिंप्याचा पोरगा क्राव्चिक. ज्यूंमधले कोणी आपल्या बोलीत त्यालाच श्नायडर म्हणतात, कोणी खायट म्हणतात. कापड तेच, प्रत्येक कारकुनानं आपापल्या मापानं बेतलं. तू हसत होतास हे सांगताना. पुढचं सांगताना नाही हसलास.

लढाई संपली तेव्हा म्हातारबाबा एवढंसं पोर. घरातलं कोणी उरलं नाही. एक बहीण उरली असेल असं कोणीतरी सांगितलं. या पोराला लिहिता येत नव्हतं, नाव तेवढं पाठ होतं. ज्या छावणीत होता तिथल्या कारकुनानं विचारलं, तो बोलला, त्यानं लिहिलं. बहीण दुसऱ्या छावणीत. तीही बोलली, तिथल्या कारकुनानं लिहिलं. क्राविट्झ. झाले दोघं वेगळे. तो आपल्या नावाची मुलगी शोधत राहिला आणि ती आपल्या नावाचा मुलगा. कागद बघणारे म्हणायचे, अशा नावाचं कोणी नाही. खोटं नव्हते बोलत. पुढे तिचं लग्न झालं. बाई म्हटल्यावर उरलेलं नावही गेलं.

म्हातारबाबांनी फ्रँकफर्टला आल्टरेशनचं दुकान काढलं. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या. बहीण शेजारच्या गावात राहत होती. गाडीनं जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढं लांब. तिथं संसार केला, म्हातारी झाली, गेली. ते कळलं तिच्या थडग्यावरून. तिथं नवऱ्याच्या नावाखाली माहेरचं नाव कोरलं होतं, चुकीच्या स्पेलिंगनं. एका अक्षरासाठी भाऊबीज चुकली, म्हण. हानाचे वडील लवकर गेले, भाऊ नाही, काका नाही. त्या स्पेलिंगचं हे एकच घर उरलं. म्हणून तू ते घेतलंस. मला म्हणालास, “आजी, सुपेकर पुष्कळ आहेत, हे संपेल.”

तुझी आई नाक ओढते आहे. कागदावर थेंब पडला तर शाईचा समज.

आणि तुला ठाऊक नाही ते सांगते. ताट उलटं झाल्यावर तू हानाला घेऊन गाडीकडे गेलास. म्हातारबाबा रुमालाची गाठ मारून उठायला लागले. मी हात दिला. त्यांनी माझ्या स्वेटरची बाही धरली. बटणाचं काज बघितलं. हातचं काज, माझं. अंगठ्यानं कड चाचपली, उलटून आतला टाका बघितला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाले. मला भाषा कळली नाही, पण असं बघणं मी जन्मभर ओळखते. एक कारागीर दुसऱ्याला बघतो तसं. मग खिशातून एक कापडी पट्टी काढून माझ्या हातात दिली. कॉलरच्या आत लावतात तसली, त्यांच्या दुकानाची, नाव विणलेली. मी ती स्वेटरला आतून शिवून टाकली. तुझ्या बापाला ज्या नावानं ठसका लागतो, ते मी त्याच्यासमोर अंगावर घालून जेवते.

असं काज मी कुठं शिकले, हे तू कधी विचारलं नाहीस. तुम्ही शिकलेली माणसं नाव तेवढं वाचता.

ये. तुझ्या बापाला जिना चढताना दम लागतो. या गावात सगळा जिनाच आहे.

आजी (अंगठा)


स्टुटगार्ट, २६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

सत्या,

तुला पत्रं मिळालीच नाहीत.

सोमवारी वांगी भाजत होते. तुझा बाप खालून डाक घेऊन आला आणि दोन पाकिटं माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. दोन्ही परत आलेली, वर पिवळी चिठ्ठी. “आई, काय लिहिलंय ठाऊक आहे? अशा नावाचा माणूस इथे राहत नाही.”

मी म्हटलं, घर बदललं का पोरानं?

“घर तेच आहे. पाकिटावर सत्यजित सुपेकर लिहिलंय. त्याच्या टपालाच्या ब्रीफकास्टनवर सुपेकर कुठे आहे? इथे टपाल नावावर टाकतात, आई. नाव नाही तर माणूस नाही. गेनाऊ! अगदी बरोबर. त्याला हवं होतं तेच झालं.”

मी तुझ्या आईकडे बघितलं. ती वांग्याकडे बघत होती. तिनं शपथ पाळली रे. पत्र माझं म्हणून लिहिलं, पण पाकीट तिचं. त्यावर ते नाव लिहायला हात धजला नाही. आणि मी? मला काय, पाकिटावर मुंग्या मेल्या तरी नाव वाटणार.

मग तुझ्या बापानं पाकिटं फोडली. “ऐकू या तर खरं,” म्हणाला. खुर्ची ओढून बसला आणि वाचायला लागला, माझा आवाज काढून. छान काढतो. ‘अनेक उत्तम देऊन या घराची काय शोभा झाली.’ माझीच वाक्यं, पण त्याच्या तोंडात ती वेड्या म्हातारीची वाटत होती. तुझ्या आईवरची वाक्यं त्यानं दोनदा वाचली. तुझी आईसुद्धा नाही. तुझी आईसुद्धा नाही. मग तांदळाच्या जागी आला आणि थांबला.

“इथे तर काहीच नाही. टिंबं आहेत.” दुसरा कागद चाळला. “इथेही टिंबं.” आणि हसला. मोठ्यानं हसला. “शाबास, सुकन्या!”

त्या शाबासकीपेक्षा त्यानं हिला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, “काय ग? मी नाव घ्यायचे तेव्हा तू टिंबं देत होतीस? पोलंडाची, रशियाची, अमेरिकेची सगळी नावं लिहिलीस ना?”

“ती दुसऱ्यांची होती, आई.”

“आणि हे?”

“मला नाही लिहिता येत ते.”

“मला येत नाही म्हणून येत नाही. तुला येतं. आणि दोघींचा कागद सारखाच कोरा.”

ती आत निघाली. तुझ्या बापानं तिला थांबवलं, “रडू नको, तुझं काही चुकलं नाही. शिंप्याचं नाव या घराला चालणार नाही, एवढंच आहे.”

तेव्हा मी वांगं खाली ठेवलं. तुझ्या आजोबांनी मला एक गोष्ट कोणाला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं. ते गेले, आता मी बजावल्यासारखी राहून कोणाला दाखवू?

“हृषी, या घराचंच आहे ते नाव,” म्हटलं. “तुझे वडील दीनानाथ शिंपी. तुझे आजोबा चौकात मशीन घेऊन बसायचे. तुझ्या वडिलांना पुण्यात कचेरीत नोकरी लागली. साहेब हाक मारायचा, ए शिंप्या, खिडकीचं माप घे, पडदे करायचेत. मग त्यांनी सरकारी गॅझेटात छापून सुपेकर करून घेतलं. तू व्हायच्या आधी. मशीन चादरीखाली ठेवलं, तू रांगायला लागलास तेव्हा विकलं. तुला आवाजसुद्धा ऐकू येऊ दिला नाही. काज-बटण मी करायचे, दार लावून. तुझ्या पहिल्या बुटांचे पैसे त्या काजांचे.”

तो पांढरा पडला. मग इंजिनियर झाला. “पुरावा काय?”

मी हे बोट दाखवलं. सुई शिरून शिरून पेर घट्ट झालंय ते.

“हा पुरावा नाही. तू अडाणी आहेस, आई. तुला तुझं आडनाव वाचता तरी येतं का?”

“नाही येत,” म्हटलं, “म्हणून तर खोडता आलं नाही.”

मग मी आणखी बोलले. बोलायला नको होतं असं तुझ्या आईला वाटतं, मला वाटत नाही. म्हटलं, “तू ज्याच्यासमोर उभा राहून हसलास, तो तुझ्या आजोबांच्याच धंद्यातला. तू ताट उलटं केलंस त्यात तुझंच नाव होतं रे. पोरानं परत आणलं होतं. म्हातारा दाणे गोळा करत होता, तुझे, आणि तू बूट मागे घेतलास, चिकटतील म्हणून.”

त्यानं पाकिटं घडी घालून खिशात ठेवली, आणि जेवायला बसला. भरीत वाढ म्हणाला. मी वाढलं. मीठ कमी आहे म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी पुसली नाही. कॉम्प्युटरवर बसला. दुपारी तुझ्या आईला म्हणाला, मला नाही, तिला, मी समोर बसलेली असताना: “हिचा इथं राहायचा कागद आपण वाढवत नाही आहोत. उल्हासशी बोललोय. पुण्यात म्हाताऱ्या माणसांची एक चांगली सोय आहे. चोवीस तास नर्स असते.”

मी विचारलं, “नर्सला शिवता येतं का?”

तो उठून कॉम्प्युटरकडे गेला. दप्तरच बोलणार.

त्यानं खिशात ठेवलेले कागद तुझ्या आईनं कोट धुवायला टाकायच्या निमित्तानं काढून घेतले. तेवढी हिंमत केली. हे पत्र पाठवत नाही, पाठवून कुठं जाणार? लिहून ठेवते आहे. पाकिटाचं बघू.

आजी (अंगठा)


स्टुटगार्ट, १३ जानेवारी, भोगी

सत्या,

उद्या संक्रांतीला माझं विमान. तीळ लावून बाजरीची भाकरी केली होती, जर्मन बाजरी, पक्ष्यांच्या खाऊच्या दुकानातून आणलेली. आम्ही दोघींनी चिमण्यांसारखी खाल्ली.

कामाचं आधी. तुझ्या बापाचं स्टेंटनं भागलं नाही. येत्या मंगळवारी छाती उघडणार आहेत. आज सकाळपासून तो तपासण्यांसाठी इस्पितळातच आहे, संध्याकाळी येईल, म्हणून आम्ही दोघी स्वयंपाकघरात न बसता पुढच्या खोलीत राणीसारख्या बसलो आहोत. मी म्हटलं होतं, ऑपरेशन होईपर्यंत राहू दे मला. जन्माला घातलंय, निदान शुद्धीवर येताना बघते. तो म्हणाला, “तुझ्या समोर मला बरं वाटणार नाही.” आपल्या आईला असं सांगायला माणूस किती वर्षं शिकावा लागतो? तुला कळवायचं नाही असंही म्हणाला. मेलो तर कळेल, म्हणाला. त्याची जीभ माझी आहे, नाव नाही घेतलं तरी चालेल.

तेव्हा हे पत्र पोचलं पाहिजे. मी गेले की सांगणारं कोणी नाही, आणि तुझी आई आपणहून लिहायची नाही. आधीचे कागद आत घातले आहेत, टिंबांसकट. ती जागा कोणासाठी सोडली ते आता तुला कळेल.

पाकिटाचं काय केलं ते ऐक. मी स्वेटर काढला, उलटा केला, पट्टी समोर ठेवली आणि तुझ्या आईकडून पेन मागितलं. ती म्हणाली, आई, तुम्हाला? म्हटलं, मला. मी अक्षरं नाही लिहिणार, चित्र काढणार. चित्राला शपथ नाही.

पहिलं उघडी कात्री, उभी धरलेली. मग हँगरचा आकडा. मग बटण, त्याला खाली शेपटी. मग नागमोडी टाके, दोन खाली दोन वर. मग एक टाचणी, डोकं जरा वर सुटलेलं. मग अर्धं शिवलेलं काज. शेवटी ब्लाउजचा हूक. झालं नाव! शिंप्याच्या डब्यात हात घालावा आणि जे हाती येईल ते ओळीनं मांडावं, तसं. एवढ्यासाठी मला जन्मभर अडाणी म्हणत होतात? आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं आणि ते निघालं शिंपी. तुझे आजोबा वर डोक्याला हात लावून बसले असतील.

वरचं सत्यजित आणि खालचा तुझा एर्लांगेनचा पत्ता तुझ्या आईनं आधीच लिहिला होता. मधली ओळ माझी. मी पाकीट तिच्याकडे सरकवलं. तिनं पाकीट बघितलं, मग पट्टी बघितली.

“बरोबर आहे ना ग?”

ती बोलेना.

बोलणार कशी! पट्टीवरची टाचणी मी पाकिटावर घातलीच नाही. मुद्दाम. मला अक्षर कळत नाही, पण माझ्या हातून आकार चुकत नाही. हजारो काजं केली आहेत मी. एक टाचणी कमी की ते दुसऱ्याच कोणाचं नाव झालं, हे मला पट्टी उलटीपालटी करताना कळलं होतं. आणि एका अक्षरानं काय होतं हे तुझ्या आईला भाऊबिजेला मीच लिहायला लावलं आहे. आता ती हे लिहिते आहे आणि दुसऱ्या हातानं पाकीट माझ्याकडे परत सरकवते आहे.

“आई, तुम्ही लावा ना टाचणी,” म्हणते.

“नाही लावणार.”

“आई, त्यांचं ऑपरेशन आहे मंगळवारी.”

“आहे. माझ्याच पोराचं आहे. तुझ्या शाईच्या एका ठिपक्यानं तो मरणार असेल तर डॉक्टरांना कशाला एवढे पैसे?”

रडते आहे. रडू दे. मी उद्या जाणार, तिथं नर्स आहे. मंगळवारी तिकडे त्याचं काही झालं तर ही जन्मभर म्हणेल, म्हातारीनं माझ्या हातून केलं. म्हणू दे. नाही झालं तर शपथ खोटी होती हे तिला कळेल, आणि इतके महिने कशासाठी पोराला तोडलं हे तिला स्वतःलाच विचारावं लागेल. यातलं कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता आलेलं नाही. मी तिला दोन्ही देऊन जाते आहे. सासूनं सुनेला काहीतरी द्यावंच.

एक पळवाट मात्र ठेवली आहे. ऐक ग, आणि ऐकता ऐकता लिही. शपथ कोणी घेतली? सुकन्यानं. हृषीनं तांदळात जिला केली तिनं. तिची शपथ तिच्यापाशी. तो तांदूळ शिजवून आपण केव्हाच खाल्ला. तुझ्या आईवडिलांनी पाळण्यात जे नाव ठेवलं होतं, त्या मुलीनं कधी कोणाच्या छातीवर हात ठेवलेला नाही. तिला कोणी विचारलंच नव्हतं. माझ्यासारखंच.

सत्या, मी आता अंगठा लावते आणि गप्प बसते. पेन तिच्या हातात आहे. यापुढे कागदावर जे येईल ते मी सांगितलेलं नाही.

आजी (अंगठा)


टाचणी लावली.

सत्यजित क्राव्येत्स, मंगळवारच्या आत ये.

साधना, तुझी आई